बारमाही बर्फाच्या गावी जाताना

उन्हाळी सुटीचा बेत ठरू लागला की घरातील मुले बर्फ मागतात आणि आजी विचारते, "तिथे दिवस मावळण्याआधी जेवायला मिळेल ना?" मुलांच्या मागणीचे नियोजन तत्परतेने होते. आजीचा प्रश्न मात्र 'तिकडे गेल्यावर पाहू' म्हणून बाजूला पडतो आणि ज्येष्ठ मंडळी सारी सहल खाकऱ्यावर काढतात किंवा घरीच राहतात. स्वित्झर्लंडमधील झेरमॅटचा बेत आखताना आजीचा प्रश्नच प्रथम हाती घ्यावा, असे मला वाटते. कारण सहलीचा महिना त्यावरच ठरतो.

मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी सुमारे १,६०० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. वरच्या थिओडूल हिमनदीवर उन्हाळ्यातही स्कीइंग चालते. युरोपात अशी बारमाही ठिकाणे दोनच. दुसरे ऑस्ट्रियातील हिंटरटुक्स. तेव्हा बर्फासाठी डिसेंबरच गाठला पाहिजे असे नाही. डिसेंबरात तेथे पाचच्या आतच सूर्य मावळतो आणि बहुतेक उपाहारगृहांत रात्रीचा स्वयंपाक त्यानंतर सुरू होतो. चौविहार पाळणाऱ्याने काय करावे? जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो. सातला निवांत जेवता येते. शाळांची सुटी, आषाढात बसणारा चातुर्मास आणि पेढीची सवड यांचा मेळ मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तम बसतो. 'बारमाही' हा शब्दही आता जपूनच घ्यावा. २०२२ साली बर्फ इतके वितळले की जुलैअखेर तेथील उन्हाळी स्कीइंग थांबवावे लागले.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मुले स्की करणार असतील तर त्या विम्यात स्कीइंगचा अपघात आणि हेलिकॉप्टरने होणारी सुटका धरली आहे का, हे वाचूनच पैसे भरावेत. उन्हाळ्यातील हिमनदी ही मुख्यतः सरावलेल्यांची जागा आहे, हेही मुलांना आधीच सांगितलेले बरे.

आहाराचा भाग नाजूक आहे. पारंपरिक स्विस चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातील रेनेट असते, फाँड्यूत वाइन असते आणि रोस्टी म्हणजे निव्वळ बटाटा. म्हणून हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी. तांदूळ, डाळ, भाज्या दुकानांत मिळतात. घरचे तूप व पेढे मात्र नेऊ नयेत; भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास तेथे बंदी आहे. मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण व कंदमुळे नकोत, अशी जर्मन भाषेतील चिठ्ठी खिशात असावी. कपडे भाड्याने घेतानाही चौकशी करावी. उबदार जाकिटांत पुष्कळदा बदकांची पिसे भरलेली असतात आणि हातमोजे चामड्याचे असतात. कृत्रिम धाग्यांचे पर्याय मिळतात.

गावात पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना प्रवेश नाही. खासगी गाडी टेश येथे ठेवून पुढची बारा मिनिटे रेल्वेने जावे लागते. झुरिक विमानतळाहून सारा प्रवास रेल्वेनेच करणे सोयीचे. साडेतीन तासांच्या आसपास लागतात, फिस्पला गाडी बदलावी लागते.

सर्वांत अधिक विचार उंचीचा करावा. रोपवेचे वरचे स्थानक ३,८०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे, म्हणजे तासाभरात दोन हजार मीटरांहून अधिक चढ. हृदयविकार वा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज तेथे जाऊ नये. पण म्हणून त्यांना खोलीत बसवून ठेवण्याचेही कारण नाही. १८९८ पासून धावणारी गोर्नरग्राटची दातेरी रेल्वे ३,०८९ मीटरपर्यंत नेते. खिडकीशी बसून हिमनदी व मॅटरहॉर्न दोन्ही पाहता येतात आणि त्रास वाटला तर मधल्या स्थानकावर उतरून परतता येते. पहिला दिवस गावातच काढावा, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ही रेल्वे, आणि तरुणांनी रोपवे तिसऱ्या दिवशी. वरची तिकिटे मात्र आगाऊ काढू नयेत. सकाळी शिखरावरील कॅमेऱ्यांचे थेट चित्र पाहावे. ढग असतील तर आजीबरोबर गावातल्या नदीकाठी फिरून यावे.