अवजड वाहनचालक प्रशिक्षण शाळा : परवाना आणि प्रत्यक्ष चालनाचे तास

मालमोटार चालविण्याची विद्या आपल्याकडे बहुधा शाळेत नव्हे, तर चालत्या गाडीवर मिळत आली आहे. क्लीनर म्हणून चढलेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली शिकतो. त्याला शुल्क पडत नाही, उलट भत्ता मिळतो. प्रशिक्षण शाळा काढणाऱ्याची खरी स्पर्धा या परंपरेशी असते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२ खालील परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. जागा, दुहेरी नियंत्रणाचे वाहन, पात्र प्रशिक्षक या अटी सर्वपरिचित आहेत. कळीचा मुद्दा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३१ चा. परिवहन वाहनासाठी तेथे किमान तीस दिवस व प्रत्यक्ष चालनाचे अवघे पंधरा तास सांगितले आहेत. भरल्या गाडीने घाट उतरणे, वळणास लागणारी जागा ओळखणे, गाडी मागे घेणे हे सारे एवढ्यात बसविणे कठीणच. शिवाय परिवहन वाहनाच्या अनुज्ञप्तीसाठी शाळेचे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याने, न शिकविता ते विकण्याचा मोह येथेच उत्पन्न होतो.

१ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या मान्यताप्राप्त केंद्रांच्या नियमांनी तात्त्विक व प्रात्यक्षिक मिळून सहा आठवड्यांत ३८ तास ठरविले. तेथील उत्तीर्णांना परिवहन कार्यालयाच्या चालनचाचणीतून सूटही दिली. मात्र अवजड वाहनांच्या केंद्रास दोन एकर जागा, सिम्युलेटर व चाचणीपथ लागतो. ही गुंतवणूक शुल्कातून वसूल करावयाची, तर ते क्लीनरच्या आवाक्याबाहेर जाते. खर्च वाहतूकदाराने उचलावा व मोबदल्यात ठरावीक काळ सेवेची हमी घ्यावी, ही व्यवस्था त्यातल्या त्यात व्यवहार्य दिसते. दोन-चार गाड्यांच्या मालकास मात्र तीही जडच जाईल.