संकासूर अंगणात, मुंज्या पडद्यावर

शिमग्यात खेळे वाडीत शिरले की आधी येतो तो घुंगरांचा आवाज. मग वळणावर संकासूर दिसतो: काळे कपडे, काळा मुखवटा, डोक्यावर टोकदार टोपी, लोंबणारी पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही अंगणात त्या क्षणी मुलांकडे बघावं. तीन वर्षांचं पोर आजीच्या कडेवर चढून तिच्या मानेत तोंड खुपसतं. सहा वर्षांचं खांबाआडून बघतं. संकासूर एक पाऊल पुढे आला की हे माजघरात पळतं आणि मिनिटभरात परत येतं. दहा वर्षांचं त्याला लांबून चिडवतं आणि तो धावला की किंचाळत पळत सुटतं. भीती तिघांनाही वाटते, पण किती जवळ जायचं ते ज्याचं तो ठरवतो. खेळ संपला की मुखवटा वर होतो, संकासूर ओटीवर बसून तांब्याभर पाणी पितो आणि तो आपल्याच वाडीतला कुणाचा तरी काका असतो.

भुताखेतांचा, अक्राळविक्राळ प्राण्यांचा सिनेमा मुलांना दाखवावा का, असं कुणी विचारलं की मला हे अंगण आठवतं. कोकणात हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला गेला तो ‘मुंज्या’मुळे. आदित्य सरपोतदार यांचा हा हिंदी चित्रपट ७ जून २०२४ ला, ऐन मिरगाच्या तोंडावर लागला. गोष्ट कोकणातली, माणसं मराठी, आणि मुंज्या संगणकावर घडवलेला. त्यात विनोदही भरपूर, म्हणून पुष्कळ घरांनी मुलांना सोबत नेलं. काही मुलं हसत बाहेर आली, काहींनी पुढचे पंधरा दिवस रात्री एकट्याने न्हाणीकडे जायचं नाव काढलं नाही.

प्रमाणपत्र काय सांगतं ते आधी बघू. ‘मुंज्या’ला ‘यूए’ होतं. हा वर्ग १९८३ साली आला आणि त्याचा अर्थ होता, बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं की नाही हे पालकांनी विचार करून ठरवावं. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे तीन भाग केले: सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे. पण हे आकडे पालकांसाठीचा सल्ला आहेत. थिएटरचा दरवान त्या आकड्यावरून मुलाला अडवत नाही. अडवतो तो फक्त ‘ए’ला, म्हणजे प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राला. ‘तुंबाड’ला २०१८ मध्ये ‘ए’ मिळालं होतं. तुंबाड नावाचं गाव आपल्याच खेड तालुक्यात असल्याने पुष्कळांना तो घरचा सिनेमा वाटतो, आणि घरी टीव्हीवर तो लागला की मुलं शेजारी येऊन बसतात. तसं होऊ देऊ नये. त्या प्रमाणपत्राला कारण आहे.

‘यूए’ म्हणजे निर्णय तुमच्यावर सोपवला आहे. तो घ्यायचा तर मुलाची भीती वयाप्रमाणे कशी बदलते हे माहीत हवं.

साधारण सात वर्षांपर्यंत मूल दिसण्याला घाबरतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जोआन कॅन्टर यांनी मुलं आणि पडद्यावरची भीती यावर अनेक वर्षं अभ्यास केला. ‘इन्क्रेडिबल हल्क’ ही मालिका तिकडे लागायची तेव्हा लहान मुलं घाबरायची ती साधा माणूस हिरवा राक्षस होतानाच्या दृश्याला. हल्क माणसांना वाचवणारा आहे, हे त्यांच्या डोळ्यांना पुरत नव्हतं. त्याच वयात ‘अरे, ते खोटं आहे’ हे वाक्यही पुरत नाही. मूल मान डोलावतं, पण अंधार झाला की त्याला आठवतो तो चेहरा. अशा वेळी समजावणं कमी आणि जवळ घेणं जास्त उपयोगी पडतं: मांडी, पांघरूण, काहीतरी खायला. आठ-नऊनंतर मात्र चेहऱ्यापेक्षा ‘असं खरंच होईल का’ ही शंका मोठी होते. या मुलांना उत्तरं हवी असतात, आणि ती खरीच द्यावी लागतात.

‘मुंज्या’ इथे दोन्ही वयांना पकडतो. लहानांना त्याचं तोंड पुरतं. मोठ्यांचं जास्त अवघड आहे. मुंज्या म्हणजे मुंज झालेला आणि लग्नाआधी मेलेला मुलगा, जो पिंपळावर राहतो, असं आपल्याकडे मानतात. मुंजीचं परंपरेतलं वय आठ. चित्रपटाच्या सुरुवातीला, १९५२ सालात, असाच एक पोरगा आहे. डोकं भादरलेलं, शेंडी राखलेली, हट्टी. तो आपल्या लहान बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्यात स्वतःच मरतो. गेल्या मे महिन्यात ज्याची मुंज झाली तो मुलगा हे बघतो तेव्हा त्याला भूत दिसत नाही, स्वतः दिसतो. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या धाकट्या बहिणीला दिसतो दादा. पुढे गोष्टीतली आजीही मुंज्याच्या हातून मरते. आजीच्या कुशीत झोपणाऱ्या मुलाला हा प्रसंग पडद्यावरच्या कुठल्याही उडीपेक्षा खोल लागतो. पालक मुंज्या किती भयानक दिसतो ते विचारतात, या दोन प्रसंगांबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

शिवाय जागा. पुण्यातल्या मुलासाठी पिंपळ पडद्यावर संपतो. गुहागरच्या किंवा राजापूरच्या मुलाचा शाळेचा रस्ताच पाराला वळसा घालून जातो, आणि तिथे मुंजा आहे हे त्याने आधीच कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. आजवर त्या मुंजाला तोंड नव्हतं. सिनेमा ते देतो. त्यात जून-जुलैमध्ये पावसाने लाईट गेली की सगळं घर पडद्यासारखंच काळं होतं. म्हणून आपल्याकडच्या मुलांसाठी मी वयाचा आकडा थोडा वर सरकवते.

आता पडदा घाबरवतो कसा ते. निम्मं काम आवाजाचं असतं. आधी खालच्या पट्टीतली घरघर, मग अचानक शांतता, मग कानठळ्या आणि त्याच क्षणी चेहरा. यात दचकणं ही शरीराची क्रिया आहे, धीट माणूसही दचकतो. थिएटरात हे चुकवता येत नाही, कारण अंधार असतो, आवाज चहूबाजूंनी असतो आणि रांगेतून बाहेर पडायला पाच माणसांचे पाय ओलांडावे लागतात. संकासुराच्या अंगणातला खांब इथे नसतो. घरी तो असतो. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला मी एक घाबरवणारं दृश्य आधी आवाजासकट, मग आवाज बंद करून दाखवलं. दुसऱ्या वेळी ती पुढे सरकून बसली आणि म्हणाली, “मावशी, हा तर नुसता तोंड उघडतोय.” तिसऱ्या वेळी आवाजाचं बटण तिनेच दाबलं.

मुखवटा उतरवून दाखवणं ही युक्ती जुनी आहे. १९३९ च्या ‘विझार्ड ऑफ ऑझ’मध्ये चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन १९७५ मध्ये मिस्टर रॉजर्स यांच्या मुलांच्या कार्यक्रमात आल्या आणि कॅमेऱ्यासमोर चेटकिणीचा वेश चढवून दाखवला. आपल्याकडे १९९३ च्या ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूने एक अख्खी पिढी घाबरवली. पण तो बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या घरातला, त्यांच्या बोलक्या बाहुल्याचा, अर्धवटरावांचा भाऊबंद, हे कळलं की त्याच मुलांना तो हवाहवासा वाटू लागला. मुंज्याला उतरवायला मुखवटा नाही, पण चित्रीकरण कसं केलं त्याच्या चित्रफिती मिळतात. आठच्या पुढच्या मुलाला त्या आधी दाखवाव्यात. मजा जात नाही, हे मी पाहिलं आहे.

तेरा-चौदाच्या मुलांशी मात्र भुतापेक्षा दुसरंच बोलायला हवं. मुंज्या एका मुलीशी लग्नाचा हट्ट धरून बसला आहे आणि तिचं ‘नाही’ त्याला ऐकूच येत नाही. सिनेमा यावर हसवतो. घरी परतताना त्या हट्टाबद्दल मुलग्यांशी चार वाक्यं बोलावीत.

माझं मत असं. सात वर्षांच्या आत ‘मुंज्या’ नको, कितीही धीट पोर असलं तरी. आठ ते बाराच्या मुलांना घरी दाखवा, दिवसा, तुम्ही शेजारी बसून, आणि आधी तुम्ही स्वतः एकदा बघून. नुकतीच मुंज झालेली असेल किंवा घरातलं कुणी आजी-आजोबा नुकतं गेलं असेल, तर वर्षभर थांबा. सिनेमा कुठे जात नाही. मुलाने मधेच ‘बंद कर’ म्हटलं तर भित्रा म्हणू नका, बंद करा. आणि बघायला बसताना रिमोट त्याच्या हातात द्या.