दोन बोटांची प्रज्ञा

स्त्रीविषयीच्या रूढ समजुती निसर्गसिद्ध म्हणून सांगितल्या जातात. वस्तुतः त्या घडविलेल्या असतात. त्या कशा घडतात याचा एक बोलका दाखला पाली वाङ्मयात आहे. त्याचा येथे विचार करावा, असे आम्हांस वाटते.

संयुत्तनिकायातील भिक्खुनीसंयुत्तात सोमा थेरीचे सुत्त येते. श्रावस्तीजवळच्या अंधवनात ती ध्यानास बसली असता मार तिला डिवचतो. थोर ऋषींनाही कष्टसाध्य असलेले पद स्त्रीच्या आवाक्यातले नव्हे, असा त्याचा आशय. स्त्रीच्या बुद्धीसाठी तो जो शब्द योजतो तो आहे 'द्वङ्गुलपञ्ञा', म्हणजे दोन बोटांची प्रज्ञा. अट्ठकथेतील स्पष्टीकरण असे : सात-आठ वर्षांच्या वयापासून भात रांधूनही स्त्रियांना तो शिजला की नाही हे नुसते पाहून कळत नाही, शिते काढून दोन बोटांनी दाबावी लागतात.

या स्पष्टीकरणातच साचेबंद समजुतीची सर्व घडण उघडी पडते. सात वर्षांच्या मुलीच्या हाती पळी कोणी दिली? प्रथम काम लादले गेले. मग त्या कामावरून स्वभाव ठरविला गेला. शेवटी तोच स्वभाव अन्य क्षेत्रांची दारे बंद करण्यास प्रमाण मानला गेला. विशेष म्हणजे 'शितावरून भाताची परीक्षा' हे आपल्या भाषेत चातुर्याचे लक्षण आहे. एका अंशावरून समग्राचे अनुमान काढणे ही तर्कशास्त्राची रीतच होय. तीच कृती स्त्रीने केली की ती मंदबुद्धीची खूण ठरते!

अंगुत्तरनिकायात संज्ञा, चित्त आणि दृष्टी यांचे विपर्यास सांगितले आहेत. अनित्यास नित्य मानणे हा त्यांपैकी एक. हे तत्त्व येथे लागू केल्यास असे दिसते की, परिस्थितीने घडलेली अवस्था प्रथम तशी भासते, मग मनात रुजते आणि अखेरीस 'स्त्रीची जातच अशी' हे मत बनते. ज्यांना 'जन्मानेच असे' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकावे लागले, त्या आपल्या समाजाला ही प्रक्रिया अपरिचित नाही.

सोमा थेरी मारास काय उत्तर देते? चित्त समाहित असेल आणि ज्ञान प्रवर्तत असेल, तर तेथे स्त्रीत्वाचा प्रश्नच उरत नाही. 'मी स्त्री', 'मी पुरुष' अशा कल्पनेत जो गुंतला, त्यालाच माराने बोलावे! संधी मिळाल्यावर काय घडते हे मज्झिमनिकायातील चूळवेदल्ल सुत्तात दिसते. धम्मदिन्ना थेरी आपला पूर्वाश्रमीचा पती विशाख याच्या गहन प्रश्नांची उत्तरे देते आणि तथागत त्यांस पूर्ण मान्यता देतात.

तथापि परंपरेतील सर्वच वचने अशी निर्मळ नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. मल्लिकेला कन्या झाल्याने खिन्न झालेल्या पसेनदी राजाला भगवंतांनी समजाविले की, मुलगी पुत्राहूनही श्रेष्ठ निघू शकते. परंतु त्याच गाथांत सासूचा आदर, पातिव्रत्य आणि शूर पुत्राचे मातृत्व हे गुणही गणले आहेत. स्त्रीविषयीची वचने कशी वाचावीत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली 'महाबोधि' नियतकालिकातील लेखात दाखविले. महापरिनिब्बान सुत्तातील स्त्रीदर्शन टाळण्याचा उपदेश प्रक्षिप्त असल्याचे त्यांनी बुद्धाच्या प्रत्यक्ष आचरणाच्या आधारे प्रतिपादन केले. वचन आचरणावर पारखून घ्यावे, ही ती दृष्टी होय.

हीच कसोटी आपण स्वतःला लावली पाहिजे. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत, समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी सांगितले. विहारात खीरदानाची व्यवस्था उपासिकांकडे आणि धम्मप्रवचन व विश्वस्तपद उपासकांकडे, अशी वाटणी जेथे जेथे असेल, तेथे ती कोणी ठरविली, हे विचारावयास हवे. घरात पुस्तक मुलाच्या हाती आणि पळी मुलीच्या हाती जात असेल, तर द्वङ्गुलपञ्ञेची अट्ठकथा आपणच नव्याने लिहीत आहोत. ती लिहिणे थांबविणे हे सम्यक् दृष्टीचेच कार्य होय.