ठासणीच्या बंदुकीला तेल कोणतं?

अमरावतीहून अचलपूर-परतवाड्याकडे निघालं की पेढी नदीकाठी वलगाव लागतं. 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी इथेच, पेढीजवळ देह ठेवला, म्हणून गावाचं नाव महाराष्ट्राला ठाऊक. एकोणिसाव्या शतकात मात्र ही वाट एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, छावणीची होती. निजामाच्या नावाने उभी केलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवलेली हैदराबाद कंटिंजंट तिथे असे. पलटणीची बंदूक काय आणि कास्तकाराची बंडी काय, वंगणावाचून दोन्ही अडणार. त्या काळी हे वंगण घरच्या तेलातुपातूनच निघे.

बंडीचं ओंगण जुन्या लोकांना आठवत असेल. एरंडेलात जळक्या गवताची किंवा चिंध्यांची राख घोटून काळा चिकट लगदा करायचा, चाक सरकवून आखाला फासायचा. एरंडेलच का? ते दाट असतं, लोखंडाला धरून राहतं आणि सहजी वाळत नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांनाही हेच तेल घालत. कॅस्ट्रॉल हे नावही ‘कॅस्टर’, म्हणजे एरंडेल, यावरूनच.

याउलट वऱ्हाडाचं लाडकं जवस. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं, त्याचा पापुद्रा धरतो. तैलरंग टिकतात ते याच गुणावर. म्हणून बंदुकीच्या लाकडी दस्त्याला जवस उत्तम, पण तेच चापाच्या यंत्रात गेलं तर काही महिन्यांत डिंक होऊन घोडा अडकलाच म्हणून समजा. करडईचीही तीच खोड. तीळ आणि सरकी मधली. लगेच वाळत नाहीत, पण वर्षभर विसरलात तर चिकटतात. ‘तेल ते तेल’ हा हिशेब फोडणीलासुद्धा पुरत नाही, लोखंडाला कुठून पुरणार!

घरगुती मिश्रणाचा सगळ्यात गाजलेला प्रसंग 1857 चा. एनफिल्डच्या काडतुसाला लावलेल्या चरबीवरून सैन्यात असंतोष पेटल्यावर सरकारने जानेवारीतच कोरी काडतुसं देऊन शिपायांना आपापल्या पसंतीचं वंगण लावायची मुभा दिली. मेण आणि तेल किंवा तूप असा साधा तोडगा होता. तांत्रिकदृष्ट्या तो अगदी योग्य होता. पण विश्वास उडाला होता, आणि त्याला मेणाचा लेप काय करणार?

आता काळ्या दारूकडे वळू, कारण ठासणीच्या बंदुकीचं खरं दुखणं तिथे आहे. साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक असं तिचं प्रमाण. ती जळली की निम्म्याहून जास्त वजन घनरूपात मागे उरतं. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतला ओलावा ओढतात. श्रावणातल्या दमट हवेत न धुतलेली नळी एका रात्रीत तांबूस होते. त्यावर नुसतं तेल चोपडणं म्हणजे घाणीला पांघरूण घालणं. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून आधी कढत पाणी, जरा साबण, गजाला गुंडाळलेली चिंधी. मग पूर्ण कोरडं करून तेलाचा पातळ हात. थ्री-नॉट-थ्रीच्या काळात गोऱ्या सैन्यातही नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतत, कारण त्या वेळच्या काडतुसांच्या टोपीतून पोटॅशियम क्लोराइड मागे राहायचं, म्हणजे पुन्हा मीठच. पाण्यानंतर पुलथ्रू, म्हणजे नळीतून ओढायची चिंधी बांधलेली दोरी, आणि शेवटी तेल. इंग्रजी अमदानीत बंदुकांसाठी ब्रह्मदेशातल्या खनिज तेलापासून केलेलं ‘रंगून ऑईल’ प्रसिद्ध होतं.

पण खनिज तेल सरसकट चांगलं असंही नाही. काळ्या दारूच्या जळक्या गाळात ते मिसळलं की डांबरासारखा चिकटा बनतो. म्हणून बार भरताना गोळीभोवतीच्या चिंधीला मेण आणि वनस्पती तेल किंवा चरबी लावायची जुनी रीत होती. त्याने गाळ मऊ राहतो. प्रमाण ऋतूवर ठरतं. वैशाखात इकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा मेण वाढवायचं, पौषात तेल. मेण पातळ करताना भांडं पाण्याच्या भांड्यात ठेवावं, थेट आचेवर नव्हे, आणि दारूचा डबा त्या खोलीत नकोच. चाप-घोड्याला मात्र शिलाई मशीनचं पातळ तेल, एखादा थेंब. ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं ऑईल फुकट मिळतं म्हणून बंदुकीला लावणारे आहेत. त्यात काजळी, आम्ल आणि धातूचा चुरा असतो, शिवाय कातडीलाही ते घातक. कुंपणाच्या खांबाला फासतात ते फासोत.

पण आज गावोगावी या ठासणीच्या बंदुका आल्या कुठून? 1959 च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत हरभरा आडवा करतात, हे इकडे कुणाला सांगायला नको. तरी बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. तिथे 1972 चा वन्यजीव कायदा आडवा येतो. त्यामुळे बहुतेक बंदुका जवळपास बाराही महिने कोपऱ्यात उभ्या असतात, आणि खंडेनवमीला हळदकुंकवासाठी बाहेर येतात.

निवडणूक लागली की परवान्याचं शस्त्र ठाण्यात जमा करायची पाळी येऊ शकते, कधी महिना, कधी दोन महिने. तिथे कुणी पुसायला बसत नाही. जमा करण्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळी आतून-बाहेरून कोरडी करून दाट खनिज तेल किंवा पातळ ग्रीस लावावं, आणि परत मिळाल्यावर ते सगळं पुसून काढावं. टोपी बसते त्या निपलच्या बारीक भोकात राहिलेला तेलाचा एक थेंबही दारू ओली करायला पुरतो. मग टोपी फुटते, बार उडत नाही, आणि डुकरं हरभऱ्यातच.