तोळाभर बाण आणि खैराचे मुसळ

2024 च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही चोर्ला घाटाने मुळगावला निघालो, तेव्हा गाडीत फराळाच्या डब्यांबरोबर एक तडकलेले धनुष्य आणि सहा बाण होते. मुळगाव म्हणजे डिचोलीला खेटून असलेले, केळबाय देवीचे गाव. तिथे माझे मामा राहतात. सुतारकाम कधीच सोडले, पण पडवीत रंधा अजून हाताशी.

धनुष्य माझ्या लेकीचे. ती बारा वर्षांची आहे. बेळगावात सुटीच्या वर्गात बाण मारायला शिकली आणि मग सोडेचना. आपल्याकडच्या स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ म्हणून एक प्रकार असतो. ऑलिंपिकमध्ये दिसणारे महागडे, नेम धरायची साइट आणि वजने लावलेले धनुष्य तिथे नाही. बांबूचे साधे धनुष्य आणि लाकडी किंवा बांबूचेच बाण. मध्यमवर्गीय घराला परवडणारे, म्हणून आम्हीही ‘हो’ म्हटले.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मैदानावर तिने दोरी सोडली आणि ‘टक्’ असा आवाज झाला. धनुष्याच्या वरच्या कांबीची कपची उडून तिच्या कानाजवळून गेली. कानाऐवजी डोळा असता तर? त्या रात्री मला झोप लागली नाही. यजमान म्हणाले, ‘‘बांबूच कच्चा असणार, नवीन आणू.’’ सासूबाई मात्र गोकाककडच्या, शेतात वाढलेल्या. त्यांनी एक बाण उचलला, तळहातावर झुलवला आणि म्हणाल्या, ‘‘भाळ हगुर ऐती.’’ फार हलका आहे. बाण हलका असला तर धनुष्य का मोडावे, हे आम्हा कुणालाच कळले नाही.

ते कळले मुळगावच्या पडवीत. मामांनी बाण हातात घेतला आणि हसलेच. ‘‘अगो, हा बाण आहे की उदबत्तीची काडी?’’ मग त्यांनी लेकीला विचारले, ‘‘भरलेली घागर समजून जोरात उचललीस आणि ती रिकामी निघाली, तर काय होईल?’’ ती म्हणाली, ‘‘हाताला हिसका बसेल.’’ धनुष्याचे तेच. ओढलेल्या कांबींत जो जोर साठतो, तो बाणाने घेऊन जायचा असतो. बाण हलका असला की तो वेगाने सुटतो खरा, पण जोराचा बराच वाटा मागेच राहतो आणि कांबींना, दोरीला, हाताला हादरे देतो. बाण न लावता रिकामी दोरी सोडणे तर सर्वांत वाईट. लेकीचे बाण जवळजवळ त्याच जातीचे होते.

डिचोलीच्या बाजारात सोनाराच्या काट्यावर बाण ठेवला. भरला पावणेबारा ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक तोळा! धनुर्धारी लोक बाणाचे वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात. एक ग्रेन सुमारे 65 मिलिग्रॅमचा. लाकडी धनुष्याचा ढोबळ हिशेब असा, की ओढ जितक्या पौंडांची, त्याच्या आठ ते दहा पट ग्रेन बाण असावा. लेकीच्या धनुष्याची ओढ 25 पौंड. म्हणजे बाण 200 ते 250 ग्रेन, 13 ते 16 ग्रॅमचा हवा. मामा वरच्या आकड्यावर अडून बसले, कारण मुलीच्या हातात नवे धनुष्य येणार होते.

आता वजन वाढवायचे कसे? मला वाटले, टोकाला जड लोखंड बसवले की झाले. मामांनी तसा एक करूनही दाखवला. लेक उजव्या हाताने दोरी ओढते. तिचा तो बाण लक्ष्य सोडून उजवीकडे वळला. सुटताना बाण माशासारखा वळवळतो. टोकाशी फार वजन आले की पातळ काडी जास्त वाकते आणि रस्ता सोडते. वजन वाढवायचे, तर काडीचा कणाही ताठ हवा.

मग मामा माजघरात गेले आणि खैराचे तडकलेले मुसळ घेऊन आले. मामी मागोमाग. ‘‘ते माझ्या सासूचं आहे, दसऱ्याला पुजते मी,’’ त्या म्हणाल्या. मामा गप्प. पडवीत बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी मामींनीच लेकीच्या कानाकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘अर्धं घ्या. अर्धं ठेवा.’’

खैर हे आपल्या ओळखीच्या लाकडांत फार जड. काडीचा पुढचा 18 सेंटीमीटर भाग कापून तिचे टोक पाचरीसारखे तासले. खैराच्या तुकड्याला उभी चीर देऊन त्यात ती पाचर सरसाने बसवली, दोऱ्याने आवळून दोन दिवस ठेवली आणि मग रंध्याने, पॉलिश पेपरने गोल केली. पुढचा भाग तांबूस काळा, मागचा पिवळा. एवढ्यानेच चार ग्रॅम वाढले. वरून जवसाचे तेल मुरवले, त्याने आणखी अर्धा ग्रॅम. पाऊस-घामापासून काडी वाचते, तो फायदा वेगळाच. पुढचा भाग जाडजूड लाकडाचा झाल्याने लक्ष्यावर आपटून टोक मोडण्याची भीतीही कमी.

सहापैकी पाच बाण सव्वासोळा ग्रॅमच्या आसपास आले. सहावा ग्रॅमभर जड. मामांनी तो बाजूला ठेवला. एकाच हाताने मारलेले बाण एकाच जागी जायला हवेत, तर सगळे एकाच वजनाचे हवेत.

ही काही मामांची अक्कल नव्हे, हे त्यांनीच सांगितले. संस्कृतातल्या धनुर्वेदाच्या पोथ्यांत बाणांचे तीन प्रकार दिले आहेत. पुढे जाड तो ‘नारी’, दूर जाणारा. मागे जाड तो ‘पुरुष’, खोल भेदणारा. सारखा तो ‘नपुंसक’, नेमाच्या सरावाला. आणि ‘नाराच’ म्हणजे तर अख्खा लोखंडाचा बाण. ‘‘माझे बाण नारी आहेत!’’ हे लेकीने दिवसभर ऐकवले. इंग्लंडातही हा विचार झालेला दिसतो. 1545 साली रॉजर अ‍ॅस्कमने धनुर्विद्येवरच्या आपल्या पुस्तकात लढाईच्या बाणांना अ‍ॅशचे जड लाकूड चांगले म्हटले. गंमत अशी, की त्याच वर्षी बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेवर जे हजारो बाण सापडले, त्यांतले बहुतेक हलक्या पॉप्लरचे. चांगले काय ते पुस्तकात, मिळते काय ते बाजारात, हे तिकडेही होतेच!

घरी कुणी हा खटाटोप करणार असेल, तर एक सांगते. सांध्याचा बाण प्रत्येक वेळी मारण्याआधी दोन्ही हातांनी हलका वाकवून, कानाशी धरून पाहावा. करकर ऐकू आली तर तो बाण तिथेच मोडून टाकावा. सुटताना तुटलेली काडी पुढच्या हातात घुसते. लेकीला आता ही सवय लागली आहे, मलाही.

बेळगावला परतल्यावर नव्या धनुष्यावर पहिला बाण लावला. 30 मीटरवर तो हातभर खाली, मातीत गेला. लेकीचे तोंड उतरले. जड बाण जरा हळू जातो, म्हणून जास्त झुकतो. नेम वर धरायला तिला दोन आठवडे लागले. पण दोरी सुटल्यावर तो ‘टक्’ आवाज नव्हता. धनुष्य हातात शांत राहत होते.

सासूबाईंनी बाण पुन्हा तळहातावर झुलवला. यावेळी काही बोलल्या नाहीत, फक्त नातीच्या हातात परत दिला. राहिलेले अर्धे मुसळ मुळगावी आहे. त्याच्या शेजारी मामींनी तो सहावा, ग्रॅमभर जड बाण ठेवला आहे.