अंग दुखते, आज येत नाही



रविवारी मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारातच पुढच्या कामाची बोलणी होतात. आवणीला किती माणसे लागणार, कोण येणार, कोण नाही. सोमवारी सकाळी मात्र दोन माणसे कमी भरतात आणि एखादे पोर निरोप घेऊन येते, "बाबाचं अंग दुखतंय, आज येत नाही." चिखलणी झालेली असते, रोपांच्या जुड्या बांधावर पडलेल्या असतात. अशा वेळी शेतकऱ्याच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो ते सर्वांना ठाऊक आहे. माझ्याही तोंडून तो निघालेला आहे.

आजारपणाचा निरोप देण्याघेण्यात रीतभात कसली, असे कोणी म्हणेल. पण आपल्या भागात "अंग दुखते" या दोन शब्दांमागे दोन मोठे आजार लपलेले असू शकतात, म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

पहिला आजार लेप्टोस्पायरोसिस. सुरत, तापी, नवसारी आणि वलसाड या जिल्ह्यांत पावसाळ्यात तो दरवर्षी डोके वर काढतो. उंदीर, घुशी आणि गुरे यांच्या लघवीतून त्याचे जंतू शेतातल्या पाण्यात मिसळतात. पायाला भेग असली किंवा उसाच्या पात्याने हात चिरलेला असला की तेथून ते शरीरात शिरतात. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी एकाएकी ताप भरतो, डोके दुखते, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या व कंबर इतकी दुखतात की चालवत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध सुरू झाले तर माणूस बहुधा बरा होतो. दिवस वाया गेले तर कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंड आणि फुप्फुसे धोक्यात येतात. भातात किंवा उसात राबलेला मजूर ताप आणि अंगदुखी सांगतो तेव्हा तो आळस करतो की नाही हे ठरवत बसायला वेळच नसतो.

दुसरा आजार सिकलसेल. नंदुरबार, धुळे, डांग आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी समाजात तो बराच आढळतो. हा जन्मजात रक्तदोष आहे. स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. ज्याला केवळ एका पालकाकडून दोष मिळाला त्याला सहसा त्रास नसतो. दोघांकडून मिळालेल्याला मात्र थंडी, कमी पाणी, अतिश्रम किंवा ताप यांनी हाडे-सांधे असह्य दुखण्याचा झटका येतो. बाहेरून काही दिसत नाही. काल मोळ्या वाहणारा गडी आज उठत नाही, म्हणजे सोंग करतो असे बघणाऱ्याला वाटते.

आता ऊसतोडीचे पाहू. दिवाळीच्या सुमारास नंदुरबार-धुळ्याकडून आणि डांगातून टोळ्या सुरत जिल्ह्यात उतरतात. पलसाणा तालुका त्यातलाच. चलथाणचा सहकारी साखर कारखाना याच तालुक्यात आहे. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. पहाटेच्या थंडीत तोड सुरू होते, पाणी प्यायला सवड नसते. सिकलसेलच्या रोग्याला याहून वाईट काम सापडणार नाही. मजुरी टनावर. गुजरात सरकारने 2023 मध्ये किमान दर टनाला 238 रुपयांवरून 476 रुपये केला, तरी ज्या दिवशी ऊस तुटला नाही त्या दिवशी मजुरी शून्य आणि खावटी मात्र चालूच. तोड कारखान्याची, माणसे मुकादमाची, शेत तिसऱ्याचेच. "मी आजारी आहे" हे सांगावे तरी कोणाला?

महाराष्ट्रात तर कित्येक ठिकाणी खाडा पडला की मुकादम दंड कापतो. बीड जिल्ह्यात खाड्याच्या धाकाने ऊसतोड बायकांनी गर्भपिशव्या काढून घेतल्याचा बोभाटा झाला आणि 2019 मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. निरोप ऐकून घेण्याची रीत नसली म्हणजे गोष्ट कुठवर जाते ते यावरून कळावे.

मुकादमाची बाजूही खोटी नाही. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजन घटते, साखर उतरते, आणि ट्रक उभा राहिला तर बोलणी त्यालाच खावी लागतात. म्हणूनच निरोप आदल्या संध्याकाळी गेला तर त्याला बदली माणूस पाहता येतो. निरोप पोराकरवी नको. घरातल्या मोठ्या माणसाने जावे किंवा फोन करावा. दुखणे कधीपासून आहे, ताप आहे का, दवाखान्यात कधी जाणार आणि पुन्हा केव्हा कळवणार, एवढे सांगितले की पुरे. लग्नाला जायचे असेल तर लग्नाचे सांगावे. तापाचे खोटे कारण दोनदा दिले की तिसऱ्यांदा खरा ताप कोणाला पटत नाही, आणि त्याची झळ शेजारच्या कोयत्यालाही लागते.

निरोप घेणाऱ्याने "मग बदली कोण देणार?" हे पहिले विचारू नये. ताप आहे का, लघवी कशी होते, डोळे लाल-पिवळे आहेत का, हे आधी विचारावे. श्वास लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा लघवी बंद झाली असेल तर 108 ला फोन करावा. ही गाडी दोन्ही राज्यांत येते. डॉक्टरांना "हा चिखलात काम करत होता" हे आवर्जून सांगावे, कारण नुसता ताप म्हटले की मलेरियाची गोळी देऊन परत पाठवले जाण्याची भीती असते. दुपारी आजारी पडलेल्याचा अर्धा रोज कापू नये. जोडीतला एक आजारी पडला तर दुसऱ्याला त्या दिवशी आणखी एका कोयत्याबरोबर घालून वजन वाटून द्यावे. आणि आजाऱ्याच्या हाती भाड्याचे पैसे द्यावेत. ते उचलीत लिहावेत की नाही हे मागाहून ठरवता येते.

आपली काही मुले पलसाणा-कडोदऱ्याच्या कापड गिरण्यांत आहेत. ज्यांच्या पगारातून राज्य विम्याची वर्गणी कापली जाते, त्यांनी विम्याच्या डॉक्टरचा दाखला घेतल्याशिवाय घरी झोपू नये. दाखला असेल आणि वर्गणीचे दिवस भरलेले असतील तर सरासरी रोजाच्या 70 टक्के रक्कम वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळते. ऊसतोड्याला यातले काही नाही.

म्हणून टोळीबरोबर निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांची सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्यावी. 2023 पासून देशभर त्याची मोहीम चालू आहे आणि पैसे पडत नाहीत. मिळालेले कार्ड सामानात बांधून न ठेवता जवळ ठेवावे. आणि मुकादम उचल घेऊन दारात येईल तेव्हाच, चार माणसांसमोर, त्याला विचारून घ्यावे की आजारपणाच्या खाड्याचे काय करणार. पैसे मोजून घेतल्यावर हा प्रश्न विचारायला कोणाची जीभ रेटत नाही.