जुन्या टीव्ही गेमचा हातातला डबा



जुना टीव्ही गेम हातात धरून खेळता येईल असा कसा करावा आणि तो चालला नाही तर दोष कसा शोधावा, हे मी या लेखात सांगणार आहे. आमच्या घरी असा एक डबा तयार झाला आहे. सोल्डरिंगचे काम आमच्या धाकट्या काकांनी केले. ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात. मोजणे, वहीत लिहून ठेवणे आणि शेवटी खेळून बघणे ही कामे माझी!

थोडी माहिती

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र विकायला काढले. लोक त्याला थोडक्यात फॅमिकॉम म्हणत. मासायुकी उएमुरा या इंजिनिअरांच्या देखरेखीखाली ते तयार झाले. त्याची स्मरणशक्ती किती? कामासाठी २ किलोबाइट आणि चित्रासाठी २ किलोबाइट. मोबाईलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. तरी त्यावर मारिओ पळायचा, उड्या मारायचा. पुढे या यंत्राच्या पुष्कळ नकला निघाल्या. १९९० नंतर आपल्याकडे ज्याला सगळे ‘टीव्ही गेम’ म्हणत, तो बहुतेक त्याच जातीचा. आमच्या बाबांचाही तसाच आहे.

असा गेम हातात मावेल असा करायची कल्पना मात्र आमची नव्हे. अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. तिथल्या बेंजामिन हेकेनडॉर्न यांनी २००० साली ‘अटारी २६००’ हा १९७७ सालचा गेम उघडला आणि त्याला छोटा पडदा व बॅटरी जोडून हातात घेण्याजोगा केला. २००५ साली त्यांचे या विषयावर पुस्तकही निघाले. आता पुष्कळ लोक हा छंद करतात. काही जण तर जागा वाचावी म्हणून आतला बोर्डच कापून लहान करतात.

आम्ही बोर्ड का कापला नाही

बाबांचा गेम उघडला की हिरव्या बोर्डावर एक काळा, डांबरासारखा टिकला दिसतो. त्याच्याखाली गेमचा मेंदू असतो. बाकीचे भाग बाजारात मिळतात, पण हा टिकला जळला तर बदलता येत नाही. आणि आमच्याकडे गेम एकच. भंगारवाला तो किलोच्या भावाने मागत होता, तेव्हा काका बाबांना म्हणाले, “दादा, नका देऊ. मेंदू जिता आहे तोवर यंत्र जितं.” म्हणून आम्ही पहिला नियम केला – आधी मीटर, मग यंत्र. मीटरने मोजल्याशिवाय एकही वायर बोर्डाला लावायची नाही.

साहित्य

जुना टीव्ही गेम, गाडी मागे घेताना बघायचा छोटा पडदा, पुन्हा चार्ज होणारे १० पेन्सिल सेल, सेल बसवायचा डबा, वीज कमी करणारी छोटी पट्टी (दुकानात तिला बक कन्व्हर्टर म्हणतात), लहान स्पीकर व त्याचा अ‍ॅम्प्लिफायर, बटण, वायरी आणि फराळाचा एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा.

विजेचे गणित

गेमच्या मेंदूला ५ व्होल्ट लागतात. भिंतीतल्या अ‍ॅडॉप्टरमधून येतात ९. मधला फरक ७८०५ नावाचा तीन पायांचा तुकडा सोसतो. तो जास्तीच्या विजेची उष्णता करून टाकतो. समजा गेम अर्धा अँपिअर वीज घेतो. मग (९ – ५) × ०.५ = २ वॅट. एवढी वीज नुसती तापण्यात जाते! अ‍ॅडॉप्टर असेल तर चालतं, पण सेलवर ही उधळपट्टी परवडत नाही. शिवाय बंद डब्यात ती गरमी जाणार कुठे?

पडद्याला १२ व्होल्ट हवेत. आमचा एक सेल १.२ व्होल्टचा. १० सेल एकापुढे एक लावले की १२ व्होल्ट झाले. नुकते चार्ज केलेले सेल थोडे जास्त देतात, पण गाडीची बॅटरीही १२ ते १४ व्होल्ट देतेच, म्हणून पडद्याला त्याची सवय असते. गेमसाठी काकांनी ७८०५ काढून टाकला आणि पट्टीमधून ५ व्होल्ट दिले. पट्टीवरचा बारीक स्क्रू फिरवून आधी मीटरवर बरोबर ५ आणले, अधिक-उणे दोनदा तपासले, मगच वायर बोर्डाला लावली. इथे घाई केली तर टिकला गेलाच म्हणून समजा.

सेल किती वेळ पुरतील? सेलवर २००० मिलीअँपिअर-तास असे लिहिले आहे. सगळे मिळून ५०० मिलीअँपिअर ओढले तर २००० ÷ ५०० = ४ तास. प्रत्यक्षात थोडे कमीच धरावे.

रिमोटची हजेरी

रिमोटवर ८ बटणे असतात – वर, खाली, डावे, उजवे, सिलेक्ट, स्टार्ट, ए आणि बी. पण आत येणाऱ्या वायरी फक्त ५! मला याचं फार नवल वाटलं. काकांनी समजावलं ते असं. दोन वायरी विजेच्या. तिसरी म्हणते, “सगळे जागेवर थांबा.” चौथी एकेकाचा नंबर पुकारते. पाचवीवरून उत्तर जाते, दाबलेले की न दाबलेले. म्हणजे बाई हजेरी घेतात तशीच ही हजेरी, फक्त गेम ती सेकंदाला ५०-६० वेळा घेतो.

हे कळलं की दोष आपोआप सापडतो. एकच बटण चालत नसेल तर त्याच्याखालचा काळा रबर मळलेला असतो, तो पुसावा. आठही बटणे मेली असतील तर रबराला दोष देऊ नये, वायर तुटली आहे का ते बघावे.

दोष कसा शोधावा

नदीचं पाणी शेतात येईना तर आपण पाटाच्या तोंडापासून चालत जातो ना? तसंच इथेही करायचं. सेलपासून निघायचं आणि एकेक टप्पा मोजत पडद्यापर्यंत जायचं.

१) काहीच लागत नाही : आधी सेल, मग बटण, मग पट्टीचे ५ व्होल्ट बघा.

२) पडदा उजळतो पण चित्र नाही : कॅसेटचे दात मळलेले असतील. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्या. फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने दात गंजतात.

३) चित्र रंगाशिवाय किंवा पळते : गेम आणि पडदा यांची पद्धत जुळत नाही. पाल आणि एनटीएससी अशा दोन पद्धती आहेत. दोन्ही चालणारा पडदा घ्यावा.

४) आवाजात घरघर : स्पीकरची उणे वायर लांबून फिरवलेली असते. सगळ्या उणे वायरी एकाच ठिकाणी जोडा.

आमच्या डब्याला वेगळाच दोष होता. पडदा लागायचा, पण खेळ सुरू झाला की लुकलुकून बंद पडायचा. सेल मोजले तर १२.८ व्होल्ट, म्हणजे एकदम ठणठणीत! बाबा म्हणाले, “पडदाच खराब दिसतो.” काका म्हणाले, “गोठ्यात उभ्या बैलाची ताकद कळत नाही, नांगराला जुंपल्यावर कळते.” मग आम्ही गेम चालू ठेवून मोजलं. आता १२.८ चे झाले ९! पुन्हा एकेक सेल मोजला, सगळे चांगले. मग एका सेलपासून दुसऱ्या सेलपर्यंत मोजत गेलो, तेव्हा सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये वीज गळत होती. तिथल्या स्प्रिंगला हिरवा गंज चढला होता. पॉलिश पेपरने ती घासली, आणि पडदा स्थिर झाला. पडदा बदलला असता तर पैसेही गेले असते आणि दोष तसाच राहिला असता. म्हणून मोजायचं ते यंत्र चालू असतानाच.

सूचना

हे काम मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करावे. सोल्डरिंगची टोकदार सळई फार भाजते, आणि धूर नाकात जाऊ देऊ नये. जुना काचेचा टीव्ही मात्र मुलांनी कधीच उघडू नये. बंद केल्यावरही त्यात जबर धक्का देणारी वीज राहू शकते. सेलची अधिक-उणे टोके एकमेकांना चिकटू देऊ नयेत.

पालकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर असा गेम असेल तर भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा. काळा टिकला शाबूत असेल तर बाकीचं सगळं दुरुस्त होऊ शकतं. वीज गेली तरी आमचा डबा चालतो, आणि आता बाबा मला जुन्या पातळ्या पार करायला शिकवतात. (आई म्हणते, दोघांचंही जेवण थंड होतं.)

पालकसभेच्या दिवशी हा डबा सातवीच्या वर्गात टेबलावर ठेवणार आहोत. सर्वांनी खेळून बघावे. फक्त कृपा करून कॅसेटला फुंकर मारू नये!

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी